पाऊस मोजणारा प्रोग्रॅम किती मोठा असावा?

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या दोन डोंगराळ तालुक्यांत वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तरीही मार्च उजाडेपर्यंत कित्येक पाड्यांच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईच्या नळांना येतं. तालुक्यातल्या अनेक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इथे बंधारा कुठे घालावा, शेततळं किती मोठं खणावं, नागलीची लावणी कधी उरकावी, असल्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी एक साधा आकडा असतो, तो म्हणजे या उतारावर किती पाऊस पडला. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं महाराष्ट्रात उभी राहिली, ही मोठीच सोय झाली. पण सह्याद्रीच्या कुशीत डोंगराच्या अलीकडचा पाऊस आणि पलीकडचा पाऊस यांचा मेळ बसत नाही. मंडळाला एक केंद्र हे सपाटीवर चालून जातं, जव्हार-मोखाड्यात ते अपुरं पडतं. म्हणून पाड्यापाड्यावर बसवता येईल, तालुक्यातच जोडता येईल आणि तालुक्यातच दुरुस्त होईल असा स्वस्त पर्जन्यमापक ही इथली खरी गरज आहे.

असा मापक बनवणं अवघड नाही. दोन छोट्या कप्प्यांची झुलती पन्हळ असते; एक कप्पा भरला की पन्हळ कलंडते, तो रिकामा होतो आणि दुसरा भरायला लागतो. दर कलंडण्याला पन्हळीवरचा लोहचुंबक एका रीड स्विचसमोरून जातो आणि विजेचा एक ठोका मिळतो. बऱ्याच मापकांत एक ठोका म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. हे ठोके मोजायचं, सकाळी साडेआठला दिवसाची बेरीज बंद करायचं (हवामान खात्याचा पावसाचा दिवस तिथेच संपतो) आणि आकडा जपून ठेवायचं काम एक चिमुकला मायक्रोकंट्रोलर करतो. त्याच्या पोटात प्रोग्रॅमसाठी एक, दोन, फार तर आठ किलोबाइट जागा असते. इथे प्रश्न येतो कंपायलरचा. आपण सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळणाऱ्या सूचनांत उतरवणारं हे साधन फुकटचं घ्यावं की परवान्याचं? विकत घेतलेला कंपायलर लहान कोड बनवतो, म्हणून छोट्या चिपला तोच हवा, हे मत प्रयोगशाळांत आणि छोट्या उद्योगांत सर्रास ऐकू येतं. माझं म्हणणं असं आहे की या मतामागची तुलना बहुतेक वेळा नीट केलेलीच नसते. ती नीट केली, तर पाऊस मोजण्यासारख्या कामांत कंपायलरमुळे पडणारा फरक हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या निवडींमुळे पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ ठरतो.

आधी मोजतो काय ते पाहू. कंपायलरने तयार केलेली हेक्स फाइल संगणकावर पाच हजार बाइटची दिसते, म्हणून चिपमध्ये पाच हजार बाइट लागणार असं समजणारे पुष्कळ आहेत. हेक्स फाइल ही अक्षरांची फाइल असते. तिच्या एका नेहमीच्या ओळीत प्रोग्रॅमचे १६ बाइट असतात. प्रत्येक बाइटला दोन अक्षरं म्हणजे ३२, शिवाय सुरुवातीचं अपूर्णविरामाचं चिन्ह (:), बाइटसंख्या, पत्ता, प्रकार आणि शेवटी ताळ्याची बेरीज, मिळून ४३ अक्षरं आणि वर ओळ संपल्याची खूण. म्हणजे फाइल खऱ्या कोडच्या पावणेतीन पट दिसते. एका कंपायलरची हेक्स फाइल आणि दुसऱ्याची नुसती बायनरी फाइल समोरासमोर ठेवून काढलेले निष्कर्ष सुरुवातीलाच कोसळतात. खरा हिशेब वेगळा असतो. सूचना आणि ज्यांना आरंभीच किंमत दिली आहे अशा चलांच्या त्या किमती, या दोन्ही फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायमच्या मेमरीत, बसतात. ती चलं आणि शून्याने सुरू होणारी चलं रॅममध्ये बसतात. आणि स्टॅकला लागणारी रॅम तर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. एव्हीआर घराण्याच्या चिपवर साधा मजकूर लिहिला, तरी काही खास न सांगितल्यास तो आधी फ्लॅशमध्ये साठतो आणि चिप सुरू झाली की रॅममध्येही उतरतो. एकाच वाक्याची जागा दोन ठिकाणी जाते. पिक घराण्यातल्या लहान चिपांची जागा बाइटमध्ये नव्हे, शब्दांत मोजतात, आणि तिथला शब्द १२ किंवा १४ बिटांचा असतो. १४ बिटांचे १०२४ शब्द म्हणजे १७९२ बाइट. त्यामुळे पिकचे हजार आणि एव्हीआरचे हजार एका पारड्यात घालता येत नाहीत.

याहून ठसठशीत पुरावा अर्डुइनो वापरणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या पडद्यावर रोज उमटतो. अर्डुइनो उनोवर एक दिवा लुकलुकवायचा पहिला धडा अर्डुइनो आयडीईच्या १.८ मालिकेतल्या नंतरच्या आवृत्तीत बांधला की ९२४ बाइट लागल्याचं ती सांगते, कमाल ३२,२५६ पैकी. हाच दिवा, हीच चिप आणि अर्डुइनोमागचा हाच फुकटचा जीसीसी कंपायलर ठेवून पोर्टच्या रजिस्टरला थेट हात घातला आणि साधा विलंब वापरला, तर काम दोनशे बाइटच्या आत आटोपतं. त्यातलेही १०४ बाइट एटमेगा३२८पी या चिपच्या व्यत्ययांच्या तक्त्याचेच असतात, कारण २६ नोंदी आणि प्रत्येकीला चार बाइट असं ते गणित चिपनेच ठरवलेलं आहे. ते वगळले तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या वाट्याला शंभराच्या आसपास बाइट येतात. कंपायलर एकच असताना चौपटीहून जास्त फरक पडला, तो सोयीच्या लायब्ररीमुळे. ती सोय वाईट आहे असं मुळीच नाही. पिनचा क्रमांक सांगितला की पुढचं सगळं लायब्ररी बघते, म्हणून तर आठवीतली मुलंही अर्डुइनो शिकू शकतात. पण दोन कंपायलरांची तुलना करताना एकासोबत अशी लायब्ररी असेल आणि दुसऱ्यासोबत नसेल, तर आपण कंपायलर मोजलेच नाहीत.

पर्जन्यमापकाचंच उदाहरण घेऊ. ठोक्यांची संख्या ०.२ ने गुणून मिलिमीटर काढायचे आणि ते दशांशासकट छापायचे, हा पहिला मोह. दशांश अंकांची गणितं करायला या चिपांत वेगळं यंत्र नसतं, ती सगळी सॉफ्टवेअरने करावी लागतात. त्यासाठी लायब्ररीतून येणारा कोड आणि दशांश छापणारं फंक्शन मिळून काही किलोबाइट गिळतात. दोन किलोबाइटच्या चिपचा विषय तिथेच संपतो, मग कंपायलर कोणाचाही असो. वास्तविक या कामात दशांशाची गरजच नाही. मोसमात ३००० मिलिमीटर पाऊस झाला तर ठोके होतात १५,०००. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो, तो एका दिवसालाही पुरणार नाही, कारण ३०० मिलिमीटरच्या दिवशी दीड हजार ठोके पडतील. दोन बाइटमध्ये ६५,५३५ पर्यंत मावतो, म्हणजे १३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, जो इथे एका मोसमात पडत नाही. म्हणून दोन बाइटचा पूर्णांक हे नेमकं माप झालं. छापताना ठोक्यांची दुप्पट करून शेवटच्या अंकाआधी टिंब दिलं की मिलिमीटर मिळतात. एव्हीआरला भागाकाराचीही सूचना नाही, म्हणून सरासरी काढायची झाल्यास दहा वाचनांऐवजी सोळा वाचनं घ्यावीत. सोळाने भागणं म्हणजे चार घरं सरकवणं. असे निर्णय जव्हारच्या पावसाचं मान माहीत असलेल्या माणसालाच सुचतात. इथे किती पाऊस पडतो हे कुठल्याही कंपायलरला ठाऊक नसतं, त्यामुळे दोन बाइट पुरे की चार लागतील हे तो ठरवू शकत नाही.

आता खुद्द कंपायलरकडे येऊ, कारण तिथेही फरक आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. कंपायलर प्रोग्रॅम वाचून कोणतं मूल्य पुढे कुठे लागणार आहे याचा माग काढतो. जे पुन्हा लागणार नाही ते टाकून देतो, जे लवकर लागणार आहे ते रजिस्टरमध्ये धरून ठेवतो. या विश्लेषणाचं शास्त्र खोल आहे आणि त्यावर काम आपल्या जवळच, पवईत, झालेलं आहे. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो अॅनालिसिसवरचा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेत खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या खुल्या कंपायलरच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं आणि त्याच्या अंतरंगाची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळाही झाल्या. जीसीसी १९८७ पासून सगळ्यांना मोकळा आहे. प्रत्येक नव्या चिपचं वर्णन त्याला ठरावीक पद्धतीने पुरवलं की त्या चिपसाठी तो कोड बनवू लागतो. ही त्याची ताकद आहे आणि मर्यादाही आहे. त्याचा सांगाडा ३२ बिटांच्या, भरपूर रजिस्टरं असलेल्या यंत्रांभोवती वाढला, त्यामुळे आठ बिटांच्या चिपवर तो कधीकधी गरजेपेक्षा दोन-चार सूचना जास्त लिहितो. एखाद्या चिपपुरताच घडवलेला कंपायलर तिथे बाजी मारू शकतो. एव्हीआरची रचना नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांनी केली, तेव्हा सूचनासंच पक्का करण्याआधी स्वीडनच्या आयएआर कंपनीच्या कंपायलर बनवणाऱ्यांचा सल्ला घेतला गेला आणि सी भाषेला सोयीचे बदल चिपमध्येच झाले. अशा कंपायलरचा कोड आटोपशीर निघाला तर त्यात नवल नाही.

पण हा उरलेला फरक मोजायचा तर दोन्हीकडे नियम सारखे हवेत, आणि घोळ होतो तो इथेच. जीसीसीला काहीच सांगितलं नाही, तर तो कोड आवळायच्या भानगडीत पडत नाही. तसं सांगावं लागतं. एव्हीआरवर पोर्ट-बीचा पाचवा बिट चालू करायचा एक साधा आदेश बघा. आकार लहान ठेव असं सांगणारा ओ-एस पर्याय दिला, तर जीसीसी त्यासाठी एसबीआय ही एकच सूचना लिहितो, दोन बाइटची. पर्याय दिला नाही, तर पत्ता रजिस्टरमध्ये भर, तिथलं मूल्य आण, बिट जोड, पुन्हा पत्ता भर, परत ठेव, अशा नऊ-दहा सूचना होतात; वीसेक बाइट. ज्याने हा पर्याय न देता जीसीसी चालवला आणि त्याचा आकडा विकतच्या कंपायलरच्या चोख मांडलेल्या आकड्याशेजारी ठेवला, त्याला जीसीसी ढिसाळ वाटणारच. उलट दिशेनेही हे घडतं. मायक्रोचिपच्या एक्ससी-८ कंपायलरच्या फुकट प्रकारात पूर्वी कोड आवळण्याच्या बऱ्याच पायऱ्या बंद असत, पुढच्या आवृत्त्यांत त्यातल्या काही खुल्या झाल्या. त्या जुन्या फुकट प्रकारावरून त्या कंपायलरची पारख करणंही अन्यायाचंच.

८०५१ या चिपची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि ती महत्त्वाची आहे कारण महाराष्ट्रातल्या पदविका अभ्यासक्रमांत मायक्रोकंट्रोलर म्हणून मुलं बहुधा हीच चिप शिकतात. इंटेलने १९८० साली ती आणली तेव्हा तिच्यात रॅम होती १२८ बाइट. चिपच्या आतल्या रॅममधलं चल वाचायला दोन बाइटची एक सूचना पुरते. तेच चल बाहेरच्या रॅममध्ये असेल, तर आधी तीन बाइटच्या सूचनेने पत्ता भरायचा आणि मग एका बाइटच्या सूचनेने मूल्य आणायचं, म्हणजे चार बाइट. चलं कुठे ठेवायची हे मेमरी मॉडेल ठरवतं. एक प्रोग्रॅम लहान मॉडेलमध्ये केइलच्या विकतच्या सी-५१ कंपायलरने बांधला आणि तोच मोठ्या मॉडेलमध्ये एसडीसीसी या फुकटच्या कंपायलरने बांधला, तर जो फरक दिसेल तो मॉडेलचा असेल, आणि दोष मात्र संदीप दत्ता यांनी सुरू केलेल्या आणि नंतर अनेकांनी मोफत कष्ट घेऊन वाढवलेल्या एसडीसीसीच्या माथी जाईल.

त्याहीपुढे जाऊन, लहान कोड कधीकधी चुकीचा कोड असतो. सी भाषेच्या नियमाप्रमाणे दोन एकबाइटी संख्यांचं गणित करताना आधी त्या किमान सोळा बिटांच्या पूर्णांकात वाढवाव्या लागतात. आठ बिटांच्या चिपला हे जड जातं, कोड वाढतो. म्हणून केइलच्या कंपायलरमध्ये ही वाढ बंद करण्याची सोय आहे, आणि एव्हीआरच्या जीसीसीतही पूर्णांकच आठ बिटांचा करून टाकणारा एक पर्याय आहे. आता २०० आणि १०० या दोन एकबाइटी वाचनांची सरासरी काढा. नियम पाळला तर बेरीज ३००, सरासरी १५०. वाढ बंद केली तर ३०० मधून २५६ गळून बेरीज उरते ४४ आणि सरासरी येते २२. कोड काही बाइटनी लहान झाला आणि उत्तर चुकलं. चूकही अशी की कंपायलर इशारा देईलच असं नाही, आणि चाचणीत लहान आकडे दिले तर ती दिसणारही नाही. ती दिसेल जुलैच्या मुसळधार पावसात. आकाराचा कोणताही तक्ता समोर आला की भाषेचे नियम दोन्हीकडे पाळले होते का, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारेन.

कोणी म्हणेल, मग तज्ज्ञांनी काढलेले प्रमाणित आकडे बघावेत, घरच्या तुलनेची गरज काय? असे प्रयत्न झाले आहेत आणि ते मोलाचे आहेत. हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाने जीसीसीच्या कोडचा आकार आवृत्तीगणिक वाढतो की घटतो यावर नजर ठेवण्यासाठी सीसिबी नावाचा नमुना प्रोग्रॅमांचा संच केला. २०१९ मध्ये डेव्हिड पॅटरसन, जेरेमी बेनेट आदींनी एम्बेंच हा संच पुढे आणला. त्यात आकार मोजताना खऱ्या लायब्ररींच्या जागी पोकळ लायब्ररी जोडतात, म्हणजे आकडा फक्त प्रोग्रॅमचा येतो. लायब्ररीचा हिस्सा वेगळा काढल्याशिवाय कंपायलर कळत नाही, हे त्यांनी ओळखलं म्हणून ही युक्ती. पण अशा संचातून निघतं ते अनेक प्रोग्रॅमांचं सरासरी गुणोत्तर, आणि चिप विकत घेताना सरासरीचा उपयोग थोडाच असतो. एसटीचं भाडं जसं टप्प्यांवर ठरतं, तशी फ्लॅशही टप्प्यांत मिळते. एटटायनी२५, ४५ आणि ८५ या एकाच आकाराच्या, आठ पायांच्या चिपा अनुक्रमे २, ४ आणि ८ किलोबाइटच्या आहेत. एका कंपायलरने प्रोग्रॅम १५०० बाइटचा केला आणि दुसऱ्याने १५ टक्के जास्त म्हणजे १७२५ चा केला, तरी दोन्ही २०४८ मध्ये बसतात. तो १५ टक्क्यांचा विजय निरुपयोगी आहे. तेच जर प्रोग्रॅम १९०० बाइटचा असेल तर दुसऱ्याचा होतो २१८५ आणि पुढची चिप घ्यावी लागते. फरक तोच, पण अर्थ आपल्या प्रोग्रॅमच्या आकारावर ठरला. म्हणून तुलना करायची तर आपल्याच प्रोग्रॅमवर, आपल्याच चिपसाठी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की आता जागेचा एवढा विचार करण्याचे दिवसच राहिले नाहीत. सीएच३२व्ही००३ ही ३२ बिटांची चिप १६ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅमसह काही रुपयांत मिळते. ईएसपी३२ वर तर मेगाबाइटांची जागा आणि वायफायही असतं. हा आक्षेप बराचसा मला मान्य आहे. नवा मापक आज आखायचा असेल तर शंभर बाइट वाचवण्यासाठी आठवडा घालवणं शहाणपणाचं नाही. पण सोळा किलोबाइटच्या त्या चिपसाठीही जीसीसी फुकट आहे, त्यामुळे लहान कोडसाठी परवाना घ्या हे म्हणणं या आक्षेपाने उलट आणखी दुबळं होतं. दुसरं, २०२० नंतरच्या दोन वर्षांत जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा हवी ती चिप महिनोन्‌महिने मिळत नव्हती; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जी मिळेल ती घेऊन काम भागवायचं तर आपला प्रोग्रॅम लहान चिपमध्येही बसतो, ही मोकळीक फार मोलाची ठरते. आणि तिसरं कारण विजेचं. जव्हारच्या पावसाळ्यात सलग दिवसचे दिवस ऊन पडत नाही, सोलर पॅनेल नावापुरतं राहतं. वायफाय चालू असताना ईएसपी३२ शंभर मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतो. एटटायनी गाढ झोपेत एका मायक्रोअँपिअरच्याही आत राहू शकते आणि ठोका आला की उठते. जिथे नेटवर्क आहे आणि आकडा तासातासाला हवा आहे तिथे मोठी चिप जरूर घ्यावी. ज्या पाड्यावर आठवड्यातून एकदा कोणी जाऊन आकडा टिपून आणणार आहे, तिथे ती ओझं होते.

आणि काही ठिकाणी जास्त बाइट मुद्दाम खर्च करायला हवेत, हे आकाराच्या शर्यतीत विसरलं जातं. वीज गेली तरी आकडा राहावा म्हणून तो ईईप्रॉममध्ये लिहावा लागतो. एव्हीआरच्या ईईप्रॉमची एक जागा सुमारे एक लाख वेळा लिहिता येते असं उत्पादक सांगतो. दर ठोक्याला एकाच जागी लिहिलं, तर १५,००० ठोक्यांच्या हिशेबाने सहा-सात मोसमांत ती मर्यादा गाठली जाते. लिखाण आळीपाळीने वेगवेगळ्या जागी करणारा कोड लिहिला तर प्रोग्रॅम थोडा वाढतो आणि मापकाचं आयुष्य कित्येक पटींनी वाढतं. रीड स्विचची पाती एका ठोक्याला दोन-तीनदा थरथरते, ती थरथर गाळणारा कोडही असाच. हे दोन्ही गाळून कोणी सर्वांत लहान प्रोग्रॅम दाखवला, तर त्याने पावसाचा मापक बनवलेला नाही.

असेम्ब्लीत, म्हणजे थेट चिपच्या सूचनांत, लिहावं, सगळ्यांत लहान कोड तिथेच मिळतो, असंही सांगितलं जातं. कुशल हातात ते खरं आहे. पण तालुक्यात हे जाणणारं एखादंच माणूस असेल आणि ते नोकरीसाठी नाशिकला किंवा ठाण्याला गेलं, तर मागे राहिलेला असेम्ब्लीचा कोड कोणी उघडूनही बघणार नाही. आयआयटी मुंबईने २०१४ पासून विद्यार्थ्यांसाठी जो सौर दिव्यांचा मोठा कार्यक्रम राबवला, त्यात दिवे जोडायचं, विकायचं आणि दुरुस्त करायचं काम गावातल्याच माणसांना शिकवलं होतं. इलेक्ट्रॉनिक वस्तू दुर्गम भागात टिकवायची तर तिची दुरुस्ती तिथेच झाली पाहिजे, हा विचार त्यामागे होता, आणि तो प्रोग्रॅमलाही तंतोतंत लागू पडतो. सी भाषा येणारी चार मुलं जव्हारला सापडतील. त्यांना लागणारा कंपायलर परवान्याविना चालणारा, इंटरनेटशिवाय पेनड्राइव्हवरून बसवता येणारा आणि आकाराचं कुंपण नसलेला हवा. केइलच्या सी-५१ ची चाचणी आवृत्ती २ किलोबाइटच्या वर कोड बांधत नाही. शिकायला ती उत्तम आहे, पण वाढणाऱ्या प्रोग्रॅमला ती मध्येच अडवते.

विकतच्या कंपायलरांना जागा नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे यंत्राच्या चुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो, रुग्णालयातलं उपकरण असो की गाडीचा ब्रेक, तिथे सुरक्षिततेच्या मानकांनुसार तपासलेला कंपायलर आणि त्यामागे उभी असलेली कंपनी यांची किंमत मोजावीच लागते, आणि ती मोजण्याचं कारण तपासणी हे असतं, कोडचा आकार हे नसतं. जव्हार-मोखाड्याच्या पर्जन्यमापकाला, टाकी भरल्याची घंटा वाजवणाऱ्या पेटीला किंवा सौर दिव्याच्या चार्जिंगवर लक्ष ठेवणाऱ्या पट्टीला ती गरज नाही.

तुलना मात्र करावी, आणि ती शिकण्यासाठी करावी. पदविकेच्या प्रात्यक्षिकात या पर्जन्यमापकाचा एकच प्रोग्रॅम तीन तऱ्हांनी बांधायला द्यावा. एकदा दशांश अंक वापरून, एकदा चार बाइटच्या पूर्णांकाने आणि एकदा दोन बाइटच्या. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपायलरांनी, पण दोन्हीकडे मॉडेल, पर्याय आणि पूर्णांकाचे नियम सारखे ठेवून. नुसते आकडे लिहून देणाऱ्याला गुण देऊ नयेत. लिंकर जी मॅप फाइल बनवतो तिच्यात प्रत्येक फंक्शनने किती जागा घेतली हे ओळीने लिहिलेलं असतं. तिच्यावरून प्रत्येक फरक कुठून आला हे विद्यार्थ्याने दाखवावं. हजार-दीड हजार बाइट कुठे गेले याचा शोध घेताना दशांश भागाकाराचं नाव त्या यादीत एकदा सापडलं, की पुढे आयुष्यभर तो माणूस पूर्णांकाने भागेल तिथे दशांश वापरणार नाही. आणि बांधलेल्या प्रोग्रॅमसोबत कंपायलरची नेमकी आवृत्ती आणि दिलेले पर्याय लिहून ठेवावेत, खुद्द तो कंपायलरही जपून ठेवावा. खुल्या कंपायलरच्या बाबतीत हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. पाच वर्षांनी कोणी मापकात एक छोटी दुरुस्ती करायला बसेल तेव्हा नव्या आवृत्तीने तोच प्रोग्रॅम ४० बाइटनी फुगवलेला असू शकतो, आणि २०४८ पैकी २०२० आधीच भरलेले असतील तर ती दुरुस्ती त्या चिपमध्ये बसणार नाही. जुनी आवृत्ती हाताशी असेल तर बसेल.